ताई, कार्ड चालत नाहीये

पर्चेस डिपार्टमेंटला बसलेल्या बाईकडे दोन गोष्टी न मागता जमत जातात. कोटेशनं आणि किस्से. कोटेशनं दर दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत जातात. किस्से मात्र कुठे टाकताच येत नाहीत. थेरगावात आमच्या सोसायटीच्या गच्चीवर मैत्रिणी जमल्या की कुणीतरी म्हणतंच, "ते कार्डाचं सांग गं." आता मी कितीदा सांगायचं? तरी सांगते. कारण खरं सांगायचं तर मला सांगायला आवडतं.

चाकणला आमची कंपनी आहे. आमची म्हणजे साहेबांची, मी तिथे अकरा वर्षं नोकरीला आहे. गाड्यांना लागणारे ब्रॅकेट आम्ही बनवतो. ऑनलाइन काही मागवायचं असेल तर पूर्वी अख्ख्या कंपनीत मिळून एकच कार्ड होतं, आणि ते नानांच्या कपाटात असायचं.

नाना आमचे कॅशियर. चाकणजवळच्याच गावचे, कंपनीची पहिली शेड उभी राहिली तेव्हापासूनचे. कपाट लोखंडी, किल्ली नानांच्या कमरेला. आपण फॉर्म भरायचा, त्यावर दोन सह्या आणायच्या, मग नाना कपाट उघडणार, रुमालात गुंडाळलेलं कार्ड काढणार, चष्मा लावून शेजारी बसणार आणि एकेक आकडा मोठ्याने वाचणार. आपण फक्त टाइप करायचं. कार्डाला हात लावायचा नाही.

एकदा नाना गावच्या जत्रेला चार दिवस गेले. किल्लीसकट. नेमका तेव्हाच पत्रा दाबणाऱ्या तीन नंबर प्रेस मशीनचा सेन्सर गेला. सेन्सर ऑनलाइन मिळत होता, दुसऱ्या दिवशी येणार होता, पण कार्ड कपाटात आणि कपाटाची किल्ली जत्रेत. चार दिवस प्रेस बंद.

तेव्हा मी साहेबांकडे गेले. म्हटलं, व्हर्च्युअल कार्ड घेऊ. प्लास्टिक नाही, कपाट नाही. नंबर फोनमधल्या ॲपमध्ये असतो, प्रत्येक डिपार्टमेंटला वेगळं कार्ड, प्रत्येकाला वेगळी मर्यादा, आणि वाटेल तेव्हा ॲपवरून बंद किंवा चालू करता येतं. साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तीन महिने बघू. पण मला स्वतःला त्याचा त्रास झाला, तर नानांचं कार्ड परत बाहेर. आणि मग असलं नवीन काही घेऊन माझ्याकडे यायचं नाही."

ते शेवटचं वाक्य मला लागलं. अकरा वर्षांत साहेबांपुढे मी नेलेली ही पहिली योजना होती. ती पडली असती तर पुढची अकरा वर्षं मी कोटेशनं फाइलला लावत बसले असते. पण मला खात्री होती. मशीनचं मला काही कळत नाही, पण ॲप कळतं. सात कार्डं होती. सात कार्डं सांभाळायला काय लागतं?

नाना तेव्हा एवढंच म्हणाले होते, "बगू की."

*

सुरुवातीला मी कॅन्टीनमध्ये अर्धा तास ट्रेनिंग दिलं. शेवटी विचारलं, कुणाला काही प्रश्न? कुणालाच नव्हता. मी खूश झाले. ट्रेनिंगनंतर एकही प्रश्न येत नाही तेव्हा खरं तर घाबरायला हवं, हे मला नंतर कळलं.

मेंटेनन्सचा इंजिनियर सुहास. मूळचा लातूरचा, कामाला वाघ. आमच्याकडे पद्धत अशी की जी गोष्ट महत्त्वाची ती छापायची, लॅमिनेट करायची आणि जिथे लागते तिथे बोर्डावर लावायची. तेल कधी बदलायचं, ॲम्ब्युलन्सचा नंबर काय, सगळं डोळ्यांसमोर. सुहासने ॲपमधल्या कार्डाचा फोटो काढला, ए-फोर कागदावर रंगीत छापला, लॅमिनेट केला आणि तीन नंबर प्रेसच्या बोर्डावर लावला. सोळा आकडे, मुदत, आणि जो तीन आकडी सीव्हीव्ही कुणाला म्हणजे कुणाला दाखवायचा नसतो, तो लाल अक्षरांत, चौकटीत.

हे मला कळलं तेव्हा कस्टमरकडचे ऑडिटर त्या बोर्डापुढे उभे होते आणि मी त्यांच्या मागे. त्यांनी बोर्ड वरपासून खालपर्यंत वाचला. मान डोलावली. "माहिती फार छान डिस्प्ले केलीय," म्हणाले, आणि वहीत तसं लिहूनही घेतलं.

मी तिथेच उभ्या उभ्या फोन काढला आणि मागच्या मागे ते कार्ड कायमचं बंद करून टाकलं. ऑडिटर पुढच्या मशीनकडे वळले आणि माझा फोन वाजला. मेंटेनन्सच्या खोलीतून सुहास.

"ताई, कार्ड चालत नाहीये. आणि नंबर चुकायचा प्रश्नच नाही. बोर्डावर बघूनच टाकलाय."

*

सुहासला नवीन कार्ड दिलं. बोर्डावर लावायचं नाही, हे लिहून दिलं. तो कागद त्याने लॅमिनेट केला.

आता पुढची अडचण. ऑनलाइन पैसे भरताना फोनवर ओटीपी येतो आणि तो तीन मिनिटांत टाकावा लागतो. आमच्या शॉप फ्लोअरवर फोन न्यायला बंदी. आम्ही ऑफिसवाले सोडून सगळ्यांचे फोन सकाळी गेटवरच्या खणांत जमा होतात. म्हणजे कॉम्प्युटर मेंटेनन्सच्या खोलीत आणि ओटीपी गेटवर. मधे सगळं यार्ड, आणि यार्डात ट्रक.

पहिल्या दिवशी सुहास तीनदा पळाला. तिन्ही वेळा परत येईपर्यंत वेळ संपलेली. चौथ्यांदा त्याने डोकं चालवलं आणि गेटवरच्या पवारांना सांगून ठेवलं की माझ्या फोनवर मेसेज आला की तेवढा आकडा मला कळवा.

पवार फौजेतून रिटायर झालेले. दिघीला राहतात. सांगितलेलं काम अर्धवट सोडणं त्यांच्या स्वभावात नाही. मेसेज आला. त्यांनी इंटरकॉम लावला, तो बिझी. पुन्हा लावला, बिझी. घड्याळ बघितलं, एक मिनिट गेलेलं. मग त्यांनी फायर ड्रिलचा माइक उचलला.

मी तेव्हा ऑफिसमध्ये होते. सगळ्या भोंग्यांमधून एकदम आवाज आला. "लक्ष द्या. लक्ष द्या. मेंटेनन्सचे सुहास सर. ओटीपी. चार. सात. शून्य. दोन. नऊ. एक. पुन्हा सांगतो." आणि पुन्हा सांगितलाही. पेंट शॉपपर्यंत. शेजारच्या कंपनीपर्यंतसुद्धा गेला असेल, कारण त्यांचे लोक भिंतीवरून डोकावत होते.

पेमेंट झालं, हे कबूल करते. पण मी तशीच तरातरा गेटवर गेले आणि पवारांना म्हटलं, ओटीपी कुणालाही सांगायचा नसतो, मोबाइलवर खाली स्पष्ट लिहिलेलं असतं.

पवार सावधानमध्ये उभे राहिले. "मॅडम, कुणा एकाला नाही सांगितला. सगळ्यांना सांगितला."

त्या दिवसापासून ओटीपी कॉम्प्युटरवरच्या मेलमध्ये येतो. पवारांना थोडं वाईट वाटलं.

*

तुम्हाला वाटेल मी एकटीच शहाणी आणि बाकी सगळे असेच. तर हे ऐका. हे मी ऑफिसमध्ये कुणाला सांगितलेलं नाही, पण वैशालीने सगळ्यांना सांगितलंय.

वैशाली आमच्या एचआरला. पिंपळे सौदागरला राहते. दर महिन्याला वाढदिवसांचा केक ती ऑनलाइन मागवते. एक दिवस म्हणाली, कार्ड घेत नाहीये. मी गेले आणि म्हटलं, "सरक बाजूला." माझी तेव्हा ख्यातीच झाली होती. ताईनं हात लावला की कार्ड चालतं म्हणायचे लोक, आणि मलाही ते खरं वाटायला लागलं होतं.

मी ॲप बघितलं. कार्ड चालू. मर्यादा शिल्लक. ऑनलाइन वापर चालू. तरी वेबसाइट नकार देतेय. म्हणजे चूक आपली नाहीच! आमच्या कार्डाच्या हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडे एक गोड आवाजाची मुलगी. तिला मी पंधरा मिनिटं सुनावलं. आमची कंपनी केवढी, आमचे व्यवहार केवढे, सात कार्डं घेतलीत आणि केकला नकार? ती सगळं ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "मॅडम, स्क्रीनवरच्या कार्डाचे शेवटचे चार आकडे सांगाल का?"

सांगितले. ती म्हणाली, "मॅडम, हे कार्ड आमचं नाहीये."

वैशालीच्या कॉम्प्युटरने आपणहून जुनाच नंबर भरला होता, आणि तो तिच्या नवऱ्याच्या कार्डाचा होता. मग वैशालीच्या लक्षात आलं की हेच कार्ड गेल्या महिन्यापर्यंत तिच्या फोनवर व्यवस्थित चालायचं. साड्या यायच्या त्यावर. म्हणजे नवऱ्याने ऑनलाइन खरेदी गुपचूप बंद करून टाकली होती.

मी त्या मुलीची माफी मागितली आणि कंपनीच्या कार्डावर केक मागवला. संध्याकाळी पिंपळे सौदागरला काय झालं ते मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी वैशाली हसत आली. दोन्ही कार्डं चालू होती.

*

टूल रूममध्ये दोन शिफ्ट चालतात. तिथलं कार्ड रोज सकाळी ब्लॉक झालेलं सापडायचं. मी उघडून द्यायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा ब्लॉक. तीनदा चुकीची माहिती टाकली की कार्ड ब्लॉक होतं, हे मला माहीत होतं. पण रोज तीनदा कोण चुकतंय? चौथ्या दिवशी मी खाली जाऊन त्यांचं शिफ्ट रजिस्टर उघडलं. मशीन बिघडलं की एका शिफ्टने दुसरीसाठी त्यात लिहून ठेवायचं असतं. तसंच कार्डाचंही लिहिलेलं होतं.

"फर्स्ट शिफ्ट : कार्ड तीन वेळा ट्राय केले. झाले नाही. सेकंड शिफ्टने प्रयत्न करावा."

"सेकंड शिफ्ट : प्रयत्न केला. तीच एरर. कार्डास विश्रांती द्यावी."

"फर्स्ट शिफ्ट : विश्रांती दिली. फरक नाही."

त्याच पानाच्या डोक्यावर कार्डाची माहिती पेनाने उतरवलेली होती आणि सीव्हीव्हीतला एक आकडा चुकलेला होता. शिफ्ट इनचार्जला मी ॲप उघडून खरा आकडा दाखवला. त्याने फोन बघितला, रजिस्टर बघितलं आणि शांतपणे म्हणाला, "ताई, फोनमधलं काय, कुणीपण बदलू शकतंय. रजिस्टरमधलं पेनानं लिहिलेलं असतं."

सीव्हीव्ही रजिस्टरमध्ये लिहायचाच नसतो, असं सांगायला मी तोंड उघडलं. पण त्यांना त्या दिवशी टूल मागवायचं होतं आणि मला माझे तीन महिने पार पाडायचे होते. मी चुकीचा आकडा खोडला, खरा लिहिला, आणि आमच्याकडे खाडाखोड सहीशिवाय चालत नाही म्हणून शेजारी सही करून तारीख घातली. टूल दहा मिनिटांत बुक झालं. कार्ड मी दुसऱ्या दिवशी बदललं, ते वेगळं.

*

आता नाना.

साहेबांनी सांगितलं होतं की नानांनाही ॲपमध्ये अधिकार द्या, त्यांना बाजूला टाकल्यासारखं वाटू नये. मी दिले. कार्ड बंद-चालू करायचा अधिकार आता दोघांकडे होता, माझ्याकडे आणि त्यांच्याकडे. त्यांना शिकवलंही. नाना एका बोटाने ॲप चालवायचे, पण न चुकता.

दुसऱ्या महिन्याच्या सुरुवातीला नवीनच तक्रार सुरू झाली. दुपारी एक ते दीड एकही कार्ड चालेना. दीडनंतर सगळी आपोआप सुरू. मी आधी नेटवर्कवर संशय घेतला. मग वेबसाइटवर. मग हेल्पलाइनच्या त्याच गोड मुलीला पुन्हा पकडलं. पाच दिवस मी वेळा टिपत होते. त्यात साहेब एकदा सहज म्हणाले, "काय, त्रास देतंय का तुमचं कार्ड?" मी वेळा टिपलेला कागद पाठीमागे लपवला.

सहाव्या दिवशी एकला पाच कमी असताना मी सहज नानांच्या टेबलापाशी गेले. डबा समोर ठेवलेला. नाना चष्मा लावून फोनमध्ये बघत एकेक कार्ड बंद करत होते. सात कार्डं झाली. फोन खिशात ठेवला आणि हात धुवायला उठले.

"नाना, हे काय करताय?"

"कुलूप लावतोय. जेवाय जाताना कपाट उघडं टाकून जायाचं व्हय?"

मला हसू आलं आणि रागही आला, पाच दिवस त्या मुलीचा उद्धार केला होता मी. नानांना समजावलं की या कार्डांना राखण लागत नाही, प्रत्येकाचं कार्ड ज्याचं त्याच्यापाशी असतं, कुणी कुणाचं नेत नाही. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मग माझं काय काम ऱ्हायलं?"

मला फार वाईट वाटलं, आणि मी नवीन काही आणलं याचा त्या तीन महिन्यांत तेवढ्या एकाच वेळी पश्चात्ताप झाला. नानांनी डबा उघडला आणि भाकरीचा तुकडा माझ्यापुढे केला. वांग्याची भाजी होती.

दुसऱ्या दिवसापासून दुपारची कार्डं चालू राहिली. बुधवारी संध्याकाळी मात्र नाना सातही बंद करून घरी जातात, गुरुवारी आमची सुट्टी असते म्हणून.

*

तीन महिने संपायला सहा दिवस होते. साहेब एक मशीन बघायला कोइमतूरला गेले. हॉटेल मी बुक केलं, साहेबांच्याच व्हर्च्युअल कार्डावर, आणि अगदी निर्धास्त होते. दुपारी तीनला फोन आला.

हॉटेलवाले म्हणत होते, ज्या कार्डावर खोली घेतलीय ते कार्ड दाखवा. साहेबांनी फोन दाखवला. ते म्हणाले, हे चित्र आहे, कार्ड दाखवा. साहेब म्हणाले, कार्ड असंच असतं. ते म्हणाले, असं नसतं. मग मॅनेजर आला. त्याने तोडगा सांगितला की कंपनीच्या लेटरहेडवर पत्र पाठवा, या गृहस्थांना हे कार्ड वापरायची परवानगी आहे, आणि खाली कंपनीच्या अधिकृत माणसाची सही हवी.

मी पाच मिनिटांत पत्र तयार केलं आणि सहीपाशी थांबले. कंपनीच्या लेटरहेडवर सही करायचा अधिकार एकाच माणसाला आहे. तो कोइमतूरच्या काउंटरवर उभा होता.

शेवटी पत्र मी हॉटेलला मेल केलं, त्यांनी छापलं, आणि हे गृहस्थ आमच्या कंपनीचे आहेत व विश्वासू आहेत, या मजकुराखाली साहेबांनी स्वतःची सही केली. मॅनेजरने ती साहेबांच्याच ओळखपत्रावरच्या सहीशी ताडून बघितली. पन्नास मिनिटं गेली.

शुक्रवारी त्यांनी मला आणि नानांना केबिनमध्ये बोलावलं. मी एक कागद करून नेला होता. तीन महिन्यांत काय काय वेळेवर आलं, आणि प्रेस एकही दिवस कार्डासाठी थांबली नाही, हे सगळं त्यात होतं. साहेबांनी तो उलटा करून टेबलावर ठेवला.

"मी सांगितलं होतं, मला स्वतःला त्रास झाला तर. झाला. नाना, तुमचं कार्ड काढा. आणि मॅडम, मला सोमवारी चेन्नईला जायचंय. तिकीट आत्ता, माझ्यासमोर, त्या कार्डावर काढा."

रडायचं नाही असं मी ठरवूनच गेले होते. नाना उठले. कपाट उघडल्याचा आवाज आला. रुमालात गुंडाळलेलं कार्ड घेऊन आले, खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले, चष्मा लावला आणि पूर्वीसारखा एकेक आकडा मोठ्याने वाचायला लागले. मी टाइप करत गेले. सोळा आकडे झाले.

"मुदत?" मी विचारलं.

नानांनी महिना वाचला, वर्ष वाचलं. आवाज तसाच, शांत. माझी बोटं थांबली. ती मुदत मागच्या महिन्यातच संपली होती.

साहेबांनी कार्ड हातात घेतलं, उजेडाकडे धरलं, दोनदा बघितलं.

"नाना, हे तर संपलंय. बँकेनं नवीन पाठवलं नाही?"

"फोन आलता त्यांचा. नवं धाडू का म्हून."

"मग?"

नानांनी साहेबांच्या हातातून कार्ड घेतलं आणि पुन्हा रुमालात गुंडाळायला लागले.

"नगं म्हणलं."